पावसाळ्यात पगार चालू असतो का?

श्रोतेहो, नमस्कार.

निकाल लागून पदवी हातात आली की कोकणातल्या घराघरांत एक वाद सुरू होतो. मुलगी किंवा मुलगा सिव्हिल इंजिनिअर झालाय. आता सरकारी भरतीची तयारी करायची, की हायवेवर, पुलावर, नळपाणी योजनेवर काम करणाऱ्या एखाद्या ठेकेदाराकडे रुजू व्हायचं? वडील म्हणतात, परमनंट बघ. मामा म्हणतो, घरी बसू नको, आधी कुठेतरी चिकट. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, म्हणूनच वाद मिटत नाही.

आज या दोन वाटा शेजारी शेजारी ठेवून बघू. उदाहरण स्थापत्य अभियंत्याचं घेतो, कारण आपल्याकडे खातं आणि ठेकेदार एकाच खडीच्या ढिगाच्या दोन बाजूंना उभे असतात. ठेकेदार बांधतो, सरकारी खातं मोजतं.

आधी पैशाचं. जाहिरातीत कनिष्ठ अभियंत्याच्या पदापुढे 'एस-१४, ३८,६०० ते १,२२,८००' असं छापलेलं असतं. यातलं एस-१४ म्हणजे वेतनश्रेणी, आणि ३८,६०० हे सुरुवातीचं मूळ वेतन. महागाई भत्ता ५५ टक्के धरला तर त्याचे २१,२३० होतात. लहान गावाचा घरभाडे भत्ता १० टक्क्यांनी ३,८६०. बेरीज ६३,६९०. त्यातून राष्ट्रीय निवृत्तीवेतन योजनेचे, म्हणजे एनपीएसचे, मूळ वेतन आणि महागाई भत्त्याच्या १० टक्क्यांप्रमाणे ५,९८३ कापले जातात आणि शासन स्वतःचे १४ टक्के, म्हणजे सुमारे ८,३७६ रुपये, वेगळे भरतं. व्यवसाय कर आणि गटविमा वजा जाता हातात सत्तावन्न हजारांच्या आसपास येतात. स्थापत्य अभियांत्रिकी सहायकाचं पद असेल तर ती एस-८ ची श्रेणी, मूळ वेतन २५,५०० पासून. जाहिरात वाचताना पदाचं नाव नीट बघा. दोन्ही पदं एकाच जाहिरातीत असू शकतात आणि घाईत भलत्याच पदाचा फॉर्म भरला जातो.

आता ठेकेदाराकडचं. समजा तोंडी ठरलं, 'अठरा हजार देऊ.' इथे लगेच विचारायचं: हे हातात, की सगळं धरून? सगळं धरून असेल तर ठेकेदाराचा भविष्य निर्वाह निधीचा, म्हणजे पीएफचा, हिस्सासुद्धा त्या अठरातूनच जातो. मूळ पगार १५,००० दाखवला तर तुमचे १२ टक्के १,८०० आणि त्याचे १,८००. त्याच्या हिश्शातले १,२५० पेन्शन योजनेत जातात, उरलेले तुमच्या पीएफ खात्यात. पगार २१,००० च्या आत असेल तर ईएसआयचे, म्हणजे कामगार विम्याचे, तुमचे पाऊण टक्का. पुरुषांना व्यवसाय कराचे २००. महिलांना २५,००० पर्यंत तो माफ. म्हणजे अठराचे हातात चौदा येतात. यात फसवणूक आहे असं नाही, पण हा हिशेब पहिल्या दिवशी कुणी मांडून दाखवत नाही आणि पहिल्या पगाराला तोंड उतरतं.

सत्तावन्न आणि चौदा. एवढंच बघायचं असेल तर चर्चा इथेच संपली. पण हे दोन आकडे एकाच दिवशी तुमच्यासमोर ठेवलेले नसतात. चौदा हजार पुढच्या सोमवारपासून मिळू शकतात. सत्तावन्न मिळायला आधी जाहिरात यावी लागते, मग परीक्षा, मग निवडयादी, मग कागदपत्रं तपासणी, मग नियुक्ती. जिल्हा परिषदांच्या भरतीचंच बघा. मार्च २०१९ मध्ये जाहिरात आली, लाखो मुलांनी फी भरून अर्ज केले, आणि ती भरती ऑक्टोबर २०२२ मध्ये रद्द झाली. नवी जाहिरात ऑगस्ट २०२३ ला निघाली. २०१९ ला बावीस वर्षांचा असलेला उमेदवार तोवर सव्वीस वर्षांचा झाला. त्या चार वर्षांत ज्यानं फक्त वाट पाहिली त्याच्याकडे दाखवायला काही नव्हतं, आणि ज्यानं साइटवर काम केलं त्यालाही २०२३ ची तीच परीक्षा देता आली. खुल्या प्रवर्गाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ वर्षांपर्यंत अर्ज करता येतो. दार लवकर बंद होत नाही. दारापुढे बसून राहण्याचा खर्च मात्र मोठा आहे.

म्हणून प्रश्न 'सरकारी की खासगी' असा न विचारता असा विचारावा: सरकारी नोकरी मिळेपर्यंतची, किंवा न मिळाल्यास पुढचीही, वर्षं कुठे आणि कोणत्या अटींवर घालवायची? माझं मत सरळ आहे. साइटवर रुजू व्हा, पण कागदावर रुजू व्हा.

इथे आपल्या किनाऱ्याची एक गोष्ट कामाला येते, ती म्हणजे पाऊस. मे संपता संपता डांबराचे प्लांट थंड होतात. खडीकरण, डांबरीकरण, मातीचा भराव ही कामं जून ते सप्टेंबर जवळपास बंद असतात. प्लांट पुन्हा पेटतात ते दसरा-दिवाळीच्या सुमारास. तिथून मेपर्यंतच्या कामाच्या दिवसांना ठेकेदार 'सीझन' म्हणतात. सीझनमध्ये रात्री अकरालाही फोन येतो, 'उद्या सकाळी पाचला स्लॅब आहे, या.' आणि पावसाळ्यात? काही जण अभियंत्याला कार्यालयात बसवून बिलं, अंदाजपत्रकं, पुढच्या निविदा करून घेतात आणि पूर्ण पगार देतात. काही जण अर्धा पगार देतात. काही जण 'गणपतीनंतर बघू' म्हणून घरी पाठवतात. रुजू होण्याआधी विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच: पावसाळ्यात पगार चालू असतो का? आणि उत्तर नेमणूक पत्रात लिहून घ्यायचं. तीन वर्षं काम केलं असं तुम्ही म्हणता, पण पीएफच्या पासबुकात दरवर्षी चार महिने कोरे असतात. उद्या कुठे अनुभव मोजला गेला तर तो दोन वर्षांचाच निघतो.

पूर्ण पगार चालू असेल तर पावसाळा हाच तुमचा अभ्यासाचा हंगाम. पुण्यात खोली घेऊन वर्षभर बसण्यापेक्षा कोकणात पावसाचे चार महिने रोज चार तास आणि सीझनमध्ये रोज एक तास, हे खिशाला झेपतं आणि टिकतंही. शिवाय २०२३ च्या जिल्हा परिषद भरतीत कनिष्ठ अभियंत्याच्या पेपरची रचना आठवा: शंभर प्रश्न, २०० गुण, त्यातले तांत्रिक प्रश्न ४०. उरलेले ६० मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बुद्धिमापनाचे. आपली मुलं त्या चाळीससाठी जाडजूड पुस्तकं घेतात आणि मराठीच्या समास-प्रयोगांत गुण घालवतात. तांत्रिक भाग तर साइटवर आपोआप पक्का होतो. ओल्या वाळूचं फुगणं पुस्तकात पाठ करावं लागतं. साइटवर घमेल्यानं वाळू मोजून मिश्रण चुकलं की एकदाच कळतं आणि जन्मभर लक्षात राहतं. ३० घनमीटरच्या स्लॅबला काँक्रीटचे किती नमुने? आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन, आणि प्रत्येक नमुन्यात तीन ठोकळे. ज्यानं ते ठोकळे स्वतः भरले, २८ दिवस पाण्यात ठेवले आणि प्रयोगशाळेत नेले, त्याला हा प्रश्न सोडवायला दहा सेकंदही लागत नाहीत.

किनाऱ्यावर काम करताना आणखी एक गोष्ट शिकायला मिळते, ती घाटावर तितकी मिळत नाही. खारा वारा आणि खाडीची वाळू. समुद्रकिनारी वातावरणातलं आरसीसी, म्हणजे सळ्या घातलेलं काँक्रीट, हे त्याच मानकात 'तीव्र' गटात येतं: काँक्रीटची प्रत किमान एम-३०, पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.४५, घनमीटरला किमान ३२० किलो सिमेंट, आणि लोखंडावरचं आवरण ४५ मिलिमीटर. लाटांचे तुषार थेट अंगावर घेणाऱ्या बांधकामाला याहूनही कडक. खाडीची वाळू न धुता वापरली की त्यातलं मीठ लोखंड खातं, गंज फुगतो, आवरणाला तडे जातात आणि पाच-सात वर्षांत सळ्या दिसायला लागतात. ही समज ज्याला आहे तो अभियंता खात्यात गेला तरी उपयोगी, खासगीत राहिला तरी.

आता तिसऱ्या प्रकाराबद्दल. हा सगळ्यात जास्त गोंधळाचा आहे. सरकारी कार्यालयात टेबल-खुर्ची मिळते, काम सरकारी, शिक्का सरकारी, पण पगार एखादी संस्था देते. आदेश ११ महिन्यांचा, मग एक-दोन दिवसांचा खंड, मग पुन्हा आदेश. गावात सांगितलं जातं, 'पोरगा बांधकाम खात्यात लागला.' लागलेला नसतो. याला बाह्ययंत्रणेद्वारे घेतलेलं मनुष्यबळ म्हणतात. राज्य शासनानं ६ सप्टेंबर २०२३ ला नऊ संस्थांमार्फत अशी भरती करण्याचा निर्णय काढला होता. मुलं रस्त्यावर उतरली आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. पण त्यामुळे कंत्राटी पद्धत संपली असं समजू नका. वर्षानुवर्षं काम केलं म्हणून आपोआप कायम होण्याचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं एप्रिल २००६ च्या उमादेवी प्रकरणात स्पष्ट केलं आहे. पुढच्या काही निकालांनी कर्मचाऱ्यांना दिलासा दिला, पण तो ज्याच्या त्याच्या प्रकरणापुरता, आणि त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागली. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेचंही तसंच. पदवीधराला महिना १०,००० विद्यावेतन मिळतं, कामाची ओळख होते. ते प्रशिक्षण आहे, नोकरीचा पहिला हप्ता नव्हे. या जागा घेऊ नका असं मी म्हणत नाही. घ्या, पण घरच्यांना खरं सांगून घ्या, आणि तिथे असताना भरतीचा अभ्यास सोडू नका. खुर्ची सरकारी दिसली की अभ्यास सुटतो, असा या जागांचा गुण आहे.

चौथी वाट म्हणजे स्वतःच ठेकेदार होणं. पदवी किंवा पदविका झालेल्यांना सार्वजनिक बांधकाम विभागाकडे 'सुशिक्षित बेरोजगार अभियंता' म्हणून नोंदणी करता येते. ठरावीक मर्यादेच्या आतली छोटी कामं वाटताना ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या निविदेनं, अशी विभागणी राज्यात अनेक वर्षं चालत आली आहे. सोय चांगली आहे. पण याच सोयीवर आपल्या भागात एक धंदा उभा राहिलाय, आणि त्यावर थोडं थांबून बोललं पाहिजे.

एखादा जुना ठेकेदार येतो. म्हणतो, 'तू नोंदणी कर, खर्च मी करतो, काम मी करतो, तू फक्त सह्या कर. दोन टक्के तुझे.' चाळीस लाखांचं काम तुमच्या नावावर झालं तर दोन टक्क्यांचे ऐंशी हजार मिळतात. घरबसल्या! आता दुसरी बाजू बघा. बिल तुमच्या खात्यात, उलाढाल तुमच्या पॅनवर. चाळीस लाखांवर १८ टक्क्यांनी जीएसटी ७ लाख २० हजार. खात्यानं बिलातून दोन टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, कापलेला असतो, बाकीचा जीएसटी भरणं तुमची जबाबदारी. त्या गृहस्थानं पैसे उचलले आणि कर भरला नाही तर नोटीस तुमच्या घरी येते. साहित्याची पक्की बिलं त्याच्या नावावर, मग तुम्हाला खर्च दाखवता येत नाही. खडी-मुरमाच्या रॉयल्टीच्या पावत्या जोडल्या नाहीत तर वसुली तुमच्या बिलातून. रस्ता पहिल्या पावसात उखडला तर दोष दायित्व कालावधीत, म्हणजे काम संपल्यावर ठेकेदारानं दुरुस्ती करून द्यायच्या मुदतीत, तो दुरुस्त करायचा तुम्ही. नाही केला तर ठेव जप्त आणि नाव काळ्या यादीत. आणि नोंदणी करताना 'मी कुठेही नोकरीस नाही' म्हणून प्रतिज्ञापत्र दिलेलं असतं, तेव्हा त्याच काळात तुमच्या नावावर कुठे पीएफ चालू असेल तर ते खोटं ठरतं. लायसन्स भाड्यानं देऊ नका. पाहुणा असला तरी देऊ नका. पाहुण्याला तर नाहीच.

स्वतः खरोखर काम करायचं असेल तर गणित वेगळं, आणि तेही रोकड्याचं आहे. दहा लाखांच्या कामात आयकराचा टीडीएस वैयक्तिक ठेकेदाराला १ टक्का म्हणजे १०,०००, जीएसटीचा टीडीएस २०,०००, बांधकाम कामगार उपकर १ टक्का म्हणजे १०,०००, शिवाय निविदेत लिहिलेली सुरक्षा ठेव. ती पाच टक्के असेल तर आणखी ५०,०००. म्हणजे काम पूर्ण झालं तरी नव्वद हजार लगेच हातात येत नाहीत. त्यातले टीडीएसचे पैसे विवरणपत्र भरल्यावर समायोजित होतात, ठेव दायित्व कालावधी संपल्यावर परत मिळते, उपकराचे गेले ते गेले. आणि हे झालं बिल वेळेत निघालं तर. २०२५ मध्ये राज्यभरातल्या ठेकेदार संघटना थकीत बिलांसाठी आंदोलनं करत होत्या. जल जीवन मिशनचं उद्दिष्ट २०२४ चं होतं, ते २०२८ पर्यंत वाढवलं गेलं. नळयोजनेचे पाइप टाकून बसलेल्यांना याचा अर्थ काय ते वेगळं सांगायला नको. मजुरांना शनिवारी पैसे द्यावेच लागतात. शासन मात्र मार्चअखेरीकडे बोट दाखवतं. निदान सहा महिने मजुरी आणि सिमेंटचं भागेल एवढं भांडवल नसेल तर पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्याकडे काम करून बिल कसं निघतं ते आतून बघावं.

बिल निघतं ते मोजमाप पुस्तिकेवरून. तिला सगळे एम.बी. म्हणतात. दोन्ही नोकऱ्यांतला खरा फरक या पुस्तिकेत दिसतो. खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याची त्यात पहिली सही असते. लांबी, रुंदी, जाडी त्यानं मोजली असं ती सही सांगते. जाडी ५० मिलिमीटर लिहिली आणि पुढे तपासणीत ३५ निघाली तर खुलासा त्यालाच विचारला जातो; विभागीय चौकशी, वेतनवाढ रोखणं, वसुली, आणि ही चौकशी निवृत्तीपर्यंत मागे लागू शकते. परमनंट म्हणजे निर्धास्त, असं समजणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावं. वरून दबाव येतो, ठेकेदार ओळखीचा असतो, 'आज लिहा, उद्या करतो' म्हणतो. न झालेलं काम मोजायचं नाही, एवढा एक नियम पाळला तर निम्मी दुखणी टळतात. लाच मागण्याची तक्रार करायला लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे. तो ठेकेदाराकडच्या माणसालाही वापरता येतो.

खासगीतली सही हलकी असते असंही नाही. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला तेव्हा गुन्हा नोंदला गेला त्यात संरचना सल्लागाराचंही नाव होतं. ठेकेदाराकडे असताना तुमच्याकडून सह्या घेतल्या जातात त्या ठोकळ्यांच्या नोंदवहीवर, सिमेंटच्या नोंदवहीवर. जे झालं नाही त्यावर सही करू नका. उधारीच्या सिमेंटच्या चलनावर 'माल मिळाला' एवढंच लिहा, 'रक्कम देणे' असं लिहू नका. कोरा चेक कुणालाही नको.

बदलीबद्दल थोडक्यात. जिल्हा परिषदेची नोकरी त्या जिल्ह्यापुरती असते, म्हणून घर, आंबा-काजूची बाग, म्हातारे आईवडील सांभाळायचे असतील तर ती सोयीची. आंतरजिल्हा बदली मात्र सहज मिळत नाही, तेव्हा जिल्हा निवडतानाच विचार करा. सार्वजनिक बांधकाम विभागाचा पल्ला मोठा. ठेकेदाराचा तर पुलाच्या खांबाबरोबर हलतो. आज संगमेश्वरला, पुढच्या वर्षी नांदेडला. मुलींनी साइटवर राहण्याची आणि स्वच्छतागृहाची व्यवस्था काय, हे पहिल्याच भेटीत विचारावं, त्यात संकोच नको. प्रसूती रजा सरकारीत १८० दिवस. खासगीत दहा किंवा जास्त माणसं असतील तर २६ आठवडे, पण त्याआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं कागदावर दिसलं पाहिजे.

पगार थकला तर? मुख्य नियोक्त्यानं, म्हणजे ज्या खात्याचं काम आहे त्यानं, ठेकेदाराच्या मजुरांची मजुरी भागवावी अशी कायद्यात तरतूद आहे. पण ती मुख्यतः कामगारांसाठी. देखरेख करणारा अभियंता तिच्यात बसेलच असं नाही. म्हणून दोन महिन्यांच्या वर थकबाकी साचू देऊ नका. दर महिन्याला पगार बँकेतूनच घ्या. रोखीनं दिला तर तुमच्या नोकरीचा पुरावाच उरत नाही.

नोकरी सोडताना, आणि ती बहुधा मे महिन्यातच सुटते, अनुभवाचं पत्र लेटरहेडवर घ्या. त्यात पद, रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, कामाचं पूर्ण नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक, कामाची रक्कम आणि तुम्ही प्रत्यक्ष काय केलंत ते हवं. 'यांचे काम समाधानकारक होते' एवढ्या ओळीला कुणी विचारत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या सल्लागार कंपन्या अभियंता घेताना असाच तपशील मागतात, आणि तो पीएफच्या पासबुकाशी जुळवून बघतात. पीएफ काढून टाकू नका, त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या कायमच्या क्रमांकावर, पुढे न्या. पेन्शनला दहा वर्षं भरावी लागतात.

आणि सरकारी अर्जासाठीची कागदपत्रं जाहिरात यायच्या आधी तयार ठेवा: अधिवास, जात वैधता, नॉन-क्रीमिलेयर, एमएस-सीआयटी, लागू असेल तर प्रकल्पग्रस्ताचा दाखला. निवडयादीत नाव येऊनही नॉन-क्रीमिलेयरच्या तारखेवर उमेदवार बाद होतात. जाहिरातीत ज्या तारखेला तो वैध असावा म्हटलंय ती तारीख आणि दाखल्यावरची तारीख जुळवून बघा. मूळ प्रमाणपत्रं कुठल्याही ठेकेदाराच्या कपाटात ठेवायची नाहीत, 'रजिस्ट्रेशनला लागतात, चार दिवसांत देतो' म्हटलं तरी. ती घरी, प्लास्टिकच्या पिशवीत, भिंतीला न टेकणाऱ्या कपाटाच्या वरच्या खणात. श्रावणात एकदा काढून ऊन दाखवा, बुरशी धरते.

नमस्कार.